भारतीय विज्ञान संस्थेचे लघुवन

भारतीय विज्ञान संस्थेचे लघुवन हे बंगळूर येथील या संस्थेच्या आवारात पश्चिम घाटातील वृक्ष लावून निर्माण केलेले सुमारे दीड हेक्टरांचे वन आहे. विद्यापीठाने आपल्याच आवाराला पर्यावरणाची प्रयोगभूमी मानल्याचे हे भारतातील एक जुने उदाहरण होय.

पार्श्वभूमी

जमशेटजी टाटा यांच्या संकल्पनेतून १९०९ मध्ये संस्था स्थापन झाली. १९५८ पासून तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा आहे. म्हैसूर संस्थानाने दिलेली सुमारे ३७१ एकर जमीन तेव्हा बव्हंशी उघडे माळरान होती. तेथे सावली व शोभा यांसाठी झाडे लावली गेली. रस्त्यांना वृक्षांचीच नावे असली, तरी गुलमोहर मूळचा मादागास्करचा आणि महोगनी अमेरिकेतील आहे.

निर्मिती

१९८३ मध्ये संस्थेत परिसरविज्ञान केंद्र सुरू झाले. त्याचे संस्थापक, पुण्यात जन्मलेले माधव गाडगीळ, पुढे पश्चिम घाट परिसरतज्ज्ञ समितीचे अध्यक्ष म्हणून महाराष्ट्रात व गोव्यात परिचित झाले. त्याच दशकात केंद्रासमोरील जागेत घाटातील सुमारे पन्नास जातींची रोपे लावण्यात आली. सदाहरित अरण्याच्या पट्ट्यात वर्षाला २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. बंगळूरची सरासरी १,००० मिलिमीटरच्या आसपास आहे. तरीही ही झाडे रुजली व दाट वाढली.

परिणाम

बागेत पाचोळा झाडून टाकतात. येथे तो जागीच कुजतो. त्यामुळे माती भुसभुशीत राहते आणि पावसाचे पाणी वाहून न जाता मुरते. वनातील तापमान भोवतालपेक्षा कमी असल्याचे व भूजलाची पातळी उंचावल्याचे केंद्राच्या अभ्यासकांनी नोंदविले आहे. ज्या शहराला कावेरीचे पाणी सुमारे १०० किलोमीटरवरून उपसून आणावे लागते, तेथे ही नोंद मोलाची ठरते.

मर्यादा

हे वन म्हणजे मूळ निसर्गाचे पुनरुज्जीवन नव्हे. घाटातील सदाहरित वृक्षही बंगळूरच्या माळाला गुलमोहराइतकेच नवखे आहेत, हे वनाच्या कौतुकात बहुधा विसरले जाते. शिवाय दीड हेक्टरांच्या तुकड्याने साऱ्या आवाराची काळजी मिटत नाही. आवारात सडपातळ लोरिस हा नरवानर गणातील छोटा निशाचर प्राणी आढळतो. तो सहसा झेप घेत नाही. एका फांदीवरून दुसरी फांदी धरीत पुढे सरकतो. नव्या इमारतीसाठी वा रस्त्यासाठी मधली चार झाडे तोडली, तर दोन्हीकडची झाडी शाबूत राहूनही त्याची वाट तुटते. वृक्षगणनेच्या आकड्यांत ही हानी दिसत नाही.