भुईतल्या नाशपतीची कुळकथा

जर्मन शिकणाऱ्याला बटाट्यासाठी ‘कार्टॉफल’ हा शब्द मिळतो. तो इटालियन ‘तार्तुफोलो’वरून आला. जमिनीखाली वाढणाऱ्या ट्रफल या कवकाचं ते नाव. जर्मनांच्या तोंडी पहिल्या ‘ट’चा ‘क’ झाला. व्हिएन्नात मात्र बटाटा म्हणजे ‘एर्डआप्फल’, भुईतलं सफरचंद. आणि ऱ्हाइनकाठच्या फाल्झ प्रांतात ‘ग्रुम्बीर’.

हा ग्रुम्बीर मला सगळ्यांत आवडतो, कारण तो दिसतो तसा नाही. त्याच्या स्पेलिंगमुळे तो बोराबेरीच्या जातीतला वाटतो. प्रत्यक्षात तो ‘ग्रुंडबिर्न’: ग्रुंड म्हणजे भुई, बिर्न म्हणजे नाशपती. भरभर बोलताना मधला ‘ड’ गळाला, ‘न’ पुढच्या ‘ब’ला चिकटून ‘म’ झाला. हंगेरियन ‘क्रुंपली’ आणि क्रोएशियन ‘क्रुंपिर’ याच घराण्यातले; सुरुवातीच्या ‘ग’ऐवजी तिथे ‘क’ आहे.

रोमानियात या नाशपतीला जर्मन शेजारी भरपूर मिळाले. 1718 च्या पासारोविट्झच्या तहाने बानात प्रांत तुर्कांकडून हाब्सबुर्ग घराण्याकडे आला. तो वसवायला जर्मन शेतकरी नेले गेले. अनेक जण उल्महून होड्यांनी डॅन्यूबमार्गे आले. त्यांना सरसकट ‘श्वाबी’ म्हणतात, पण त्यांतले बरेच फाल्झ आणि लोरेनचे. ट्रान्सिल्व्हेनियातले सॅक्सन जर्मन तर बाराव्या शतकातच आले होते. तेव्हा अमेरिकेतला बटाटा युरोपला ठाऊकच नव्हता, म्हणजे हा शब्द काही त्यांनी गाठोड्यात बांधून आणला नव्हता. तो मागाहूनच त्यांच्यापर्यंत पोचला.

ट्रान्सिल्व्हेनियातल्या रोमानियन बोलीत मग ‘क्रुंपेने’ आली. बानातकडे ‘क्रुंपिर’ म्हणतात, त्यावर सर्बियन छाप आहे. कुठे हंगेरियन वाटेने आलेली ‘पिचोयका’, तर मोल्दोव्हात ‘बाराबुला’. प्रमाण रोमानियनने मात्र जर्मन कार्टॉफलच उचलला, त्याचा शेवटचा ‘ल’ गाळून ‘कार्तोफ’ केला. एकाच भाषेच्या दोन बटाट्यांपैकी एक पुस्तकात गेला आणि दुसरा शेतात राहिला. माझ्या मते चव दुसऱ्यालाच आहे.

नावांच्या या घोळाला आपणही फार हसू नये. ‘बटाटा’ हा शब्द आपल्याला पोर्तुगीजांनी दिला आणि त्यांच्याकडे तो स्पॅनिशमार्गे कॅरिबियन बेटांवरच्या तायनो लोकांकडून आला. तायनो मंडळी ‘बटाटा’ म्हणत ते रताळ्याला.