टेल्को, चाकण आणि मायक्रो फ्रंटएंड

आपलं ॲप मायक्रो फ्रंटएंडमध्ये कधी फोडायचं, हा प्रश्न सध्या आमच्या टीमसमोर आहे. आम्ही सहा जण, रेपो एकच, आणि काम म्हणजे चाकणच्या एका कारखान्याचा डॅशबोर्ड. यावर मला सगळ्यात जास्त पटलं ते पिंपरीच्या इतिहासातलं उत्तर.

टेल्को १९६६ला पुण्यात आली. सुमंत मूळगावकरांनी ट्रकच्या आधी ट्रक बनवायची यंत्रं आणि साचे बनवणारा विभाग उभा केला. पुण्यातून पहिली गाडी बाहेर पडली थेट १९७७ला. अकरा वर्षं! आजचा कुठला मॅनेजर एवढा थांबेल? पण परकीय चलनाची चणचण होती आणि हवं ते मापात बनवून देणारे पुरवठादार आसपास पुरेसे नव्हते. मग सगळं एका आवारात करणं हाच शहाणपणा होता.

पुढे भोसरी-चिंचवडच्या एमआयडीसीत छोटी वर्कशॉपं वाढत गेली, कारागीर तयार झाले. २००९ला फोक्सवॅगनचा चाकणचा कारखाना सुरू झाला, तोवर सुटे भाग बाहेरून घेण्याची पद्धत इथे चांगलीच रुळली होती. ड्रॉइंग आणि मापं मात्र गाडी बनवणाराच ठरवतो.

आपल्याकडे मेल्विन कॉनवेने १९६८लाच लिहून ठेवलंय की सिस्टिमची रचना ती बनवणाऱ्या माणसांच्या आपसातल्या संवादासारखीच होते. मायक्रो फ्रंटएंड हा शब्द थॉटवर्क्सच्या टेक्नॉलॉजी रडारवर आला २०१६ला, आणि २०२०ला वेबपॅक ५ने मॉड्यूल फेडरेशन दिलं. म्हणजे हत्यार हातात आलं. पण पुरवठादार, म्हणजे स्वतंत्र टीम्स, आहेत का?

आमच्याकडे नाहीत. आत्ता फोडलं तर रिअ‍ॅक्ट दोनदा लोड व्हायची भीती, सीएसएसची भांडणं, लॉगिन कुणी सांभाळायचं हा वाद, आणि शॉप फ्लोअरवरच्या जुन्या टॅबवर शिफ्ट बदलताना पान उघडायला उशीर. तिथे सुपरवायझर खोळंबला की लाइनचा हिशोब चुकतो.

म्हणून मी टीमला लिहून दिलंय: सध्या ॲप एकच, पण मेंटेनन्स आणि क्वालिटीचे फोल्डर वेगळे, आणि एकाने दुसऱ्याच्या आतलं काही इम्पोर्ट करायचं नाही. मेंटेनन्सला स्वतःची टीम मिळाली आणि तिचं रिलीज आमच्यासाठी सलग दोन स्प्रिंट अडलं, की पहिला तोच भाग बाहेर काढायचा. मॅनेजर अजून नाराज आहेत. शुक्रवारी पुन्हा मीटिंग आहे.