खाँसाहेबांचा आवाज आणि सुईमागची पेटी

मिरजेच्या ख्वाजा मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची कबर आहे. उरुसात तिथे त्यांच्या स्मरणार्थ संगीतसभा भरते. गेल्या वेळी कॉलेजात शिकणारा भाचा सोबत होता. परतीच्या गाडीत त्याने मोबाइलवर खाँसाहेबांची भैरवी लावली, दोन मिनिटं ऐकली आणि म्हणाला, “मामू, हा आवाज तर डब्यातून आल्यासारखा वाटतो. लोक यांना एवढं का मानतात?”

मला राग आला नाही, कारण हाच प्रश्न एके काळी मलाही पडला होता. मुंबईच्या चोरबाजारातून आणलेली ओडियनची जुनी तबकडी मी घरी लावली, तेव्हा तोच कोंदट आवाज आला. दोष तबकडीचा, असं मी अनेक वर्षं धरून चाललो. दोष होता सुई आणि अँप्लिफायर यांच्यामध्ये असलेल्या एका छोट्या पेटीत. तिला फोनो प्रीअँप म्हणतात. ही पेटी समजून घ्यायची तर थोडा इतिहास पाहावा लागतो.

भोंग्यापासून विजेपर्यंत

१९०२च्या नोव्हेंबरात फ्रेड गेसबर्ग कलकत्त्यात आला आणि त्याने गौहर जान यांचं गाणं मुद्रित केलं. तेव्हा वीज नव्हती. गायकाने भोंग्यात तोंड घालून गायचं, आवाजाच्या धक्क्याने सुई हलायची आणि मेणावर रेघ उमटायची. अब्दुल करीम खाँ यांच्या १९०५च्या सुमाराच्या तबकड्या याच पद्धतीच्या.

१९२५मध्ये विजेवरचं ध्वनिमुद्रण आलं. मायक्रोफोनमुळे बारकावे टिपता येऊ लागले, पण एक अडचण आली. खर्जाचे सूर कोरताना सुई फार रुंद हलते. तो खर्ज जसाच्या तसा कोरला तर एक रेघ शेजारच्या रेघेत घुसेल. म्हणून कोरतानाच खर्ज कमी करायचा आणि वाजवताना तेवढाच वाढवायचा, अशी युक्ती निघाली. पुढे वरचे सूर कोरताना वाढवून वाजवताना कमी करण्याची रीतही रुळली. त्यामुळे तबकडीची खरखर दबते.

आपल्याकडे अमानत हा शब्द आहे. जे ठेवायला घेतलं, ते जसंच्या तसं परत करायचं. फोनो प्रीअँपचं अर्धं काम हेच आहे: कोरताना जे काढून घेतलं ते परत करायचं आणि जे वाढवलं ते उतरवायचं.

पण किती घेतलं होतं, याचा हिशेब प्रत्येक कंपनीचा वेगळा होता. १९४८मध्ये कोलंबियाने एलपी आणली ती स्वतःचं माप घेऊन. डेक्काचं माप निराळं. १९५४मध्ये अमेरिकेच्या ध्वनिमुद्रण उद्योगाच्या संघटनेने, म्हणजे आरआयएएने, एकच माप ठरवलं आणि पुढच्या काळात ते जगभर रूढ झालं. आज बाजारात मिळणारा जवळजवळ प्रत्येक फोनो प्रीअँप याच मापाचा असतो.

खाँसाहेबांच्या ओडियनच्या तबकड्या १९३०च्या दशकाच्या मध्यातल्या. १९३७मध्ये तर ते गेले. आरआयएएचं माप त्यानंतर सतरा वर्षांनी आलं. त्यांच्या काळच्या युरोपीय पद्धतीत साधारण २५० ते ३०० हर्ट्झच्या खालचा खर्ज कमी केलेला असे, आणि वरचे सूर बहुधा वाढवलेले नसत. आरआयएएची पेटी मात्र ते वाढवलेलेच आहेत असं धरून चालते. ५,००० हर्ट्झला ती सुमारे ८ डेसिबल उतरवते. म्हणजे तिथला विद्युतदाब निम्म्याहूनही कमी होतो. वरचं तेज गेलं आणि खालचा भाग फुगला. भाच्याने ऐकलेला डबा हाच.

सुईचे तीन प्रकार

पेटीचं उरलेलं अर्धं काम आवाज मोठा करण्याचं. तो किती मोठा करायचा, हे कार्ट्रिजवर ठरतं.

साठ-सत्तरच्या दशकांत आपल्या घरांत सुटकेससारखे रेकॉर्डप्लेअर असत. कव्वालीच्या, नातच्या, सिनेमाच्या रेकॉर्ड त्यांवरच वाजल्या. त्यांत बहुधा क्रिस्टल किंवा सिरॅमिक कार्ट्रिज असे. ते शेकडो मिलिव्होल्ट देतं आणि खर्ज-टीपेचा तोल बऱ्यापैकी स्वतःच सांभाळतं. त्याला फोनो प्रीअँप लागतच नाही. म्हणून आपल्या वडीलधाऱ्यांना ही पेटी कधी ठाऊक नव्हती.

दुसरा प्रकार मूव्हिंग मॅग्नेट. सुईबरोबर छोटं चुंबक हलतं. अमेरिकेच्या शुअर कंपनीने १९५८मध्ये स्टिरिओसाठी असं कार्ट्रिज आणलं. हे साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट देतं. त्याला सुमारे ४० डेसिबल, म्हणजे शंभरपट वाढ पुरते.

तिसरा मूव्हिंग कॉइल. इथे चुंबक स्थिर असतं आणि तारेचं वेटोळं हलतं. डेन्मार्कच्या ऑर्टोफॉनचं १९५९चं एसपीयू आणि जपानच्या एनएचकेच्या प्रसारणासाठी घडलेलं डेनॉनचं डीएल-१०३ ही त्याची गाजलेली नावं. डीएल-१०३ जेमतेम ०.३ मिलिव्होल्ट देतं. त्याला ६० डेसिबल, म्हणजे हजारपट वाढ लागते, किंवा मध्ये एक ट्रान्सफॉर्मर. मॅग्नेटच्या पेटीला हे जोडलं तर आवाज पुटपुटल्यासारखा येतो आणि व्हॉल्यूम वाढवला की सुस्कारा ऐकू येतो. उलट, कॉइलच्या पेटीला मॅग्नेटचं कार्ट्रिज लावलं तर आवाज फाटतो.

जवारी

यापुढची गोष्ट मिरजेच्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. मिरज तंबोऱ्यांचं गाव. शिकलगार कारागिरांच्या पिढ्या तिथे या कामात गेल्या. खाँसाहेब स्वतः वाद्यदुरुस्तीत आणि जवारी काढण्यात तरबेज होते. तारेखालचा दोरा केसभर सरकला की तोच तंबोरा मुका होतो किंवा बोलू लागतो.

कार्ट्रिजचंही तसंच आहे. पेटी त्याच्यावर जो विद्युत भार टाकते, तो त्याला मानवला पाहिजे. मॅग्नेटला ४७ किलोओम हा ठरलेला भार. शिवाय टोनआर्मची तार, बाहेरची केबल आणि पेटी या तिन्हींचं कपॅसिटन्स मिळून कार्ट्रिजच्या कागदावर छापलेल्या आकड्याजवळ राहिलं पाहिजे. ते फार वाढलं तर वरचे सूर आधी टोचतात आणि मग एकदम गळून पडतात. कॉइलसाठी भार त्याच्या अंतर्गत रोधाच्या दहापट धरतात. डीएल-१०३चा रोध ४० ओम, म्हणजे ४०० ओम. पण अनेक जण १०० ओमवरही समाधानी असतात. अखेर कानच ठरवतो.

मग घ्यायचं काय?

उस्ताद अमीर खाँ यांची मारवा-दरबारीची १९६०ची एलपी ऐकायची असेल तर साधं मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज आणि ४० डेसिबलची आरआयएए पेटी पुरेशी आहे. रेकॉर्ड मोनो आहे. पेटीवर मोनोचं बटण असेल तर ते दाबावं, खरखर कमी होते.

७८च्या तबकडीला आधी वेगळी सुई लागते. एलपीच्या सुईचं टोक साधारण १८ मायक्रॉनचं. ७८ची रेघ रुंद, तिला ६५ ते ७५ मायक्रॉनची सुई हवी. बारीक सुई रेघेच्या तळाशी घासत जाते आणि फक्त धूळ वाजवते. मग अशी पेटी पाहावी जिच्यावर खर्जाचं आणि टीपेचं माप वेगवेगळं बदलता येतं. ती महाग वाटली तर साध्या पेटीतून संगणकावर मुद्रण करून आरआयएएचं माप तिथे उलटवता येतं. माझं काम असंच भागलं.

आणि वेग तपासावा. ७८ फेऱ्यांची तबकडी ७५वर फिरली तर सूर अर्ध्या स्वराच्या सुमारे दोन-तृतीयांश इतका उतरतो. श्रुतींवर संशोधन करणाऱ्या देवल आणि क्लेमेंट्स यांना ज्यांनी आपल्या गळ्यातून श्रुती दाखवल्या, त्या माणसाची पट्टीच आपण बदलून टाकतो.

पुण्यात १९१३मध्ये आर्य संगीत विद्यालय काढणारा हा उस्ताद किराण्याहून आला आणि महाराष्ट्राचा झाला. सवाई गंधर्व, रोशनआरा बेगम त्यांच्या शिष्यांत. आपण अशा माणसांची नावं वारसा म्हणून अभिमानाने घेतो. पण त्यांचा आवाज इंटरनेटवर चढवताना कोणती सुई, कोणतं माप, हे क्वचितच कोणी विचारतं. पुढची पिढी तोच कोंदट आवाज ऐकते आणि ठरवते की मोठेपणाच्या गोष्टी अतिशयोक्त होत्या.

भाच्याला घरी आणून मी तीच भैरवी दुरुस्त मापाने ऐकवली. खरखर होतीच. पण षड्जावर आवाज स्थिरावला तेव्हा त्याने मोबाइल बाजूला ठेवला आणि म्हणाला, “मामू, परत लावा.”