ब्रायटनची छत्री

इंग्लंडातील ब्रायटनला जाणारा प्रवासी प्रथम समुद्राकडे वळतो. १८९९ साली खुला झालेला पॅलेस पिअर पाहावा, १८८३ पासूनच्या व्होल्कच्या विजेच्या गाडीत बसावे आणि पूर्वेस १९७९ साली उद्घाटन झालेल्या मरीनातील नौका मोजाव्यात, असा हा परिपाठ. गावात नॅशने चौथ्या जॉर्जसाठी हिंदुस्थानी घुमटांनी सजविलेला पॅव्हेलियनही आहेच.

परंतु याच महालात १९१४ च्या अखेरीस फ्रान्सच्या रणांगणावरून आणलेले जखमी हिंदी शिपाई खाटांवर पडले होते. त्यांच्या धर्म-जातींप्रमाणे येथे नऊ मुदपाकखाने चालत. जे दगावले त्यांपैकी मुसलमानांचे दफन वोकिंगला झाले. त्रेपन्न हिंदू व शीख शिपायांना पॅचमजवळच्या टेकडीवर अग्नी दिला गेला. त्या जागी १९२१ साली पांढऱ्या संगमरवराची छत्री उभी राहिली. तिचा आराखडा मुंबईच्या ई. सी. हेन्रिक्स यांचा.

छत्रीवर शिपायांची नावे मात्र नव्हती. ती शेजारच्या शिळेवर कोरली गेली २०१० साली! राजाच्या हौसेचे घुमट सारेच पाहतात. ही टेकडीही थोडी चढावी.