दांतवणाचा रस

दांत घासण्याची सवय ब्रशबरोबरच जन्मास आली, असा समज अनेक सुशिक्षित घरांत आढळतो. वस्तुतः ब्रश घरोघर येण्यापूर्वीं शेंकडों वर्षें निंबाची, बाभळीची किंवा करंजाची कोंवळी काडी हेंच आपल्याकडील सकाळचें साधन होतें. या काडीविषयीं एक प्रश्न मात्र दीर्घकाळ अनुत्तरित राहिला: दांत राखतें तें तिचें घर्षण कीं तिचा रस?

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानांत दंतकाष्ठाचें वर्णन मोठें नेमकें आहे. काडी बारा अंगुळें लांब, करंगळीएवढी जाड, सरळ व बिनगांठीची असावी. तिच्या मऊ टोंकानें एकेक दांत घासावा, पण हिरड्यांस इजा होऊं देऊं नये. पुढें चवीप्रमाणें झाडांची निवड सांगितली आहे. कडूंत निंब, तुरटांत खैर, गोडांत मोह आणि तिखटांत करंज श्रेष्ठ. नुसतें घासावयाचें असतें तर कोणतीहि काडी चालली असती. चवीचा एवढा विचार झाला, त्या अर्थीं प्राचीन वैद्यांचें लक्ष रसाकडेहि होतें.

इ. स. ६७१ मध्यें चीनहून निघालेला भिक्षु इत्सिंग नालंदा येथें सुमारें दहा वर्षें राहिला. तेथील भिक्षु रोज सकाळीं दंतकाष्ठ चावून दांत व जीभ स्वच्छ करतात, हें त्यानें बारकाईनें लिहून ठेविलें. ही काडी वाळुंजाची असते, हा आपल्या देशबांधवांचा गैरसमजहि त्यानें दूर केला.

दांत किडतो कशानें, हें मात्र पुष्कळ काळ उमगलें नव्हतें. ‘कृमिदंत’ या शब्दांतच जुनी कल्पना दडलेली आहे. १८९० सालीं बर्लिन येथें काम करणाऱ्या मिलर या अमेरिकन दंतवैद्यानें आपल्या ग्रंथांत निराळी उपपत्ति मांडली. तोंडांतील सूक्ष्म जंतु पिठूळ व गोड अन्नापासून आम्ल तयार करतात आणि तें आम्ल दांताचें कवच विरघळवितें. १९२४ सालीं लंडनच्या क्लार्कनें किडलेल्या दांतांतून ‘स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स’ हा जंतु वेगळा काढला. हा जंतु साखरेपासून चिकट थर बनवून दांताला धरून राहतो.

येथें जुन्या निवडीचें मर्म कळूं लागतें. खैर, बाभूळ यांचा तुरटपणा टॅनिन नांवाच्या द्रव्यांमुळें येतो व हीं द्रव्यें प्रथिनांशीं सहज संयोग पावतात. १९९६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत, निंबाच्या काडीच्या अर्कानें असे जंतु दांतासारख्या पृष्ठभागावर कमी चिकटतात, असें दिसून आलें. परंतु तो प्रयोग प्रयोगशाळेंतील होता; तोंडांत लाळ क्षणोक्षणीं रस धुऊन नेते. कीड रोखण्याच्या कामीं फ्लोराइडचा पुरावा अर्कांच्या पुराव्याहून कितीतरी भक्कम आहे.

शिवाय वनस्पति म्हटली कीं ती निरुपद्रवी, असेंहि नाहीं. महाराष्ट्रांतील असंख्य स्त्रियांनीं दांतांच्या नांवाखालीं लाविलेली मिश्री ही भाजलेली तंबाखूच होय; तिनें जडतें तें व्यसन, आणि ओढवतो तो तोंडाच्या कर्करोगाचा धोका. दंतमंजनांत तंबाखू वापरण्यास भारत सरकारनें १९९२ सालीं बंदी केली. पण घरच्या तव्यावर भाजलेल्या मिश्रीपर्यंत कायद्याचा हात पोंचणें कठीण.

सुश्रुतानें काडी निवडतांना झाड पारखावयास सांगितलें होतें. जुनें म्हणून स्वीकारावें किंवा जुनें म्हणून टाकावें, यांपेक्षां ती पारखच त्या परंपरेचा खरा वारसा होय.