सी, एच, ओ, पी

१९४२ चा ऑगस्ट. तुम्ही आष्टीहून बैलगाडीने परतूर स्टेशनवर पोचला आहात. शेजारी थोरला भाऊ. मानेतल्या गाठी दिसू नयेत म्हणून त्याने उपरणं गुंडाळलंय. मुलूख निजामाचा, म्हणून हाली रुपये मोडून इंग्रजी कलदार घेतलेत. मनमाडला गाडी बदलून मुंबई.

परळचं टाटा हॉस्पिटल उघडून दीडच वर्ष झालंय. डॉक्टर दोन वाटा सांगतात: शस्त्रक्रिया, नाहीतर किरण. "एखादं औषध?" तुम्ही विचारता. डॉक्टर नकारार्थी मान हलवतात.

त्यांना कळायला मार्गच नाही. याच महिन्यात अमेरिकेत येल इथे अशाच गाठींच्या एका रुग्णाला शिरेतून नायट्रोजन मस्टर्ड दिलं जातंय. पहिल्या महायुद्धातल्या विषारी वायूचं हे भावंड, म्हणून सगळं गुपित. ते डीएनएचे दोन पदर एकमेकांना जखडतं. पेशीला दुप्पट होता येत नाही. त्या रुग्णाच्या गाठी विरघळल्या, पण काही आठवड्यांत परतल्या.

आता १९४८ मध्ये या. इकडे सप्टेंबरात निजामी संपते. तिकडे जूनमध्येच बोस्टनच्या सिडनी फार्बरनी रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांवरचा अहवाल छापलाय. औषध आलं मूळच्या भीमावरमच्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेतून. फोलिक अ‍ॅसिडचं सोंग घेऊन ते पेशीत शिरतं आणि तिची उपासमार करतं. मेथोट्रेक्सेट याच घराण्यातलं.

१९५० चं दशक, कॅनडा. रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर सदाफुलीच्या पानांचा अर्क तपासताहेत. मधुमेहावर चालतो का, हे पाहायला निघाले होते; साखर हलली नाही, पांढऱ्या पेशी मात्र कोसळल्या. त्यातून व्हिनब्लास्टिन मिळालं, मागोमाग व्हिनक्रिस्टिन. पेशी दुभंगताना आत चातीसारखे धागे ताणले जातात. व्हिनक्रिस्टिन ते विणूच देत नाही. मनरो वॉल आणि आपल्या नंदुरबारला जन्मलेले मनसुख वाणी यांनी १९७१ मध्ये यू झाडाच्या सालीतलं टॅक्सॉल जगापुढे ठेवलं. त्याची तऱ्हा उलटी: धागे बनतात, पण सुटत नाहीत. वाणींचं नाव शाळेच्या पुस्तकात असायला हवं, असं मला वाटतं.

आता आजच्या आष्टीत. भावाच्या नातवालाही तशाच गाठी, आणि छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयाच्या फाईलवर चार इंग्रजी अक्षरं: सी, एच, ओ, पी. 'सी' म्हणजे सायक्लोफॉस्फामाइड, त्या विषारी वायूच्या कुळातलं. 'एच' म्हणजे लाल सलाईन, डॉक्सोरुबिसिन. इटलीच्या मातीत सापडलेल्या जंतूच्या वाणापासून झालेलं. 'ओ' म्हणजे व्हिनक्रिस्टिन, 'पी' म्हणजे स्टेरॉइडच्या गोळ्या. चौघं वेगवेगळ्या ठिकाणी घाव घालतात. एकाला चुकवलेली पेशी दुसऱ्याच्या तावडीत सापडावी, हा हिशेब. केस गळणं, तोंड येणं हा त्याच माराचा भाग, कारण शरीरातल्या झपाट्याने वाढणाऱ्या निरोगी पेशीही त्यात भरडल्या जातात.

फाईल पाहून कुणी म्हणेलच, सदाफुली तर दारातच आहे, काढा द्या. देऊ नका. व्हिनक्रिस्टिन मोठ्या माणसालाही एका वेळी सहसा २ मिलिग्रॅमच्या वर देत नाहीत, आणि तेही फक्त शिरेतून. जास्त झालं तर नसा बधिर होतात, आतडं थांबतं. पातेल्यातल्या काढ्यात ते किती उतरलं, कुणालाच सांगता येणार नाही. घरचं काही आधीच सुरू असेल, तर पुढच्या डोसआधी डॉक्टरांना सांगा.