व्हरांड्याच्या कठड्यावरचे विष

१/ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेनमध्ये लहान मुलांना एक गूढ आजार जडू लागला. पोटशूळ, हातापायांतील बळ जाणे, कधी दृष्टी जाणे. डॉ. जेफरिस टर्नर यांनी निदान केले: शिशाची विषबाधा. परंतु शिसे येत कोठून होते?

२/ १९०४ मध्ये नेत्रतज्ज्ञ लॉकहार्ट गिब्सन यांनी घराकडेच बोट दाखवले. व्हरांड्याच्या कठड्यावरील शिसेयुक्त रंगाची उन्हाने भुकटी होई; ती मुलांच्या बोटांना लागे आणि बोटे तोंडात जात.

३/ क्वीन्सलँडमध्ये मुलांचा हात पोहोचेल तेथे हा रंग लावण्यास कायद्याने मनाई होण्यास मात्र १९२२ साल उजाडले. भारतात घरगुती रंगांतील शिशावर ९० पीपीएमची मर्यादा २०१६ च्या नियमांनी आली.

४/ बाळाला दटावून हे विष टळणारे नव्हते. ते रंगाच्या डब्यातच रोखावे लागले.